सगळे एक जूनचे

बाळांनो, आधीच हात जोडून सांगतो. माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल तर पोटात घाला, आणि शब्द साधेच आहेत तेही गोड मानून घ्या. गोष्ट मात्र पुरती सांगतो. अर्धी सांगणार नाही.

तर नदीकाठच्या एका जंगलात म्हाळू नावाचा साळिंदर राहत होता. वयाने तरुण, पण भारी लाजाळू. शाळेत तो तीनच दिवस गेला. बाकावर त्याच्या शेजारी कुणी बसेना. बसले की ओरडत उठत. चौथ्या दिवशी, शाळेच्या रजिस्टरात नाव चढायच्या आधीच, म्हाळू घरी राहिला. कुणी बोलवायला आले नाही. तीन दिवसांत जमली तेवढी अक्षरे त्याने उचलली, उरलेली वनखात्याच्या पाट्या वाचून शिकला.

पाणवठ्याजवळ एक मोठी काळी शिळा होती. रोज सकाळी म्हाळू आपलाच एक गळालेला काटा चुन्यात बुडवायचा आणि शिळेवर त्या दिवसाचा दिनविशेष लिहायचा. आजच्या दिवशी पूर्वी काय घडले, कोण जन्मले, कोण गेले. पाणी प्यायला येणारे प्राणी तो वाचत. ‘आज अमक्या वर्षी वणवा लागला’ असे वाचले की त्या दिवशी कुणी वाळल्या गवतात झोपत नसे. ‘आज रानकुत्र्यांची टोळी आली होती’ असे वाचले की पिल्लांना लवकर आत घेत.

बोलायचे म्हटले की म्हाळूचे काटे उभे राहत. लिहिताना मात्र सगळे आडवे असत. म्हणून ती शिळा त्याला जिवापलीकडे प्यारी होती.

आता त्या जंगलाची एक गंमत ऐका. तिथल्या शाळेत बगळे गुरुजी होते. नाव घालायला कुणी पिल्लू आणले की गुरुजी विचारत, “जन्मतारीख?”

पिल्लाचे आईबाप एकमेकांकडे बघत. “मोहाची फुलं पडत होती, गुरुजी.”

“कोणत्या साली?”

“आमची म्हातारी विहिरीत पडली, त्या साली.”

गुरुजी एका पायावर उभे राहून थोडा वेळ डोळे मिटत. मग रजिस्टरात लिहीत, ‘एक जून’. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणजे पोर वयात बरोबर बसायचे. कुणाची तक्रार नव्हती. असा वाघोबांचा बछडा एक जूनचा झाला, अस्वलाचा एक जूनचा, रानरेड्याचा, सशाचा, मुंगसाचा, सगळ्यांचा एक जून. हेच पुढे मोठे झाले. बछडा महाराज झाला, अस्वल प्रधान झाले, रानरेडा सेनापती झाला. मग गुरुजी ही गोष्ट विसरले आणि बाकीचे तर त्यांच्या आधीच विसरले होते.

एके वर्षी दूरच्या जंगलातून शिकून डॉक्टर पिंगळे परत आले. पिंगळाच तो, पण नावापुढे डॉक्टर लागल्यावर त्याला अहोजाहो करायलाच हवे. त्यांनी शाळेचे रजिस्टर मागवले. आठ दिवस ते ढोलीत बसून डोळे वटारून वाचत होते. नवव्या दिवशी त्यांनी महाराजांपुढे मान संपूर्ण मागे फिरवून पुन्हा पुढे आणली आणि म्हणाले,

“महाराज, चमत्कार! आपण एक जूनचे. प्रधानजी एक जूनचे. सेनापती एक जूनचे. या जंगलात जे जे थोर झाले, ते एकाच दिवशी जन्मले!”

वाघोबांनी मिशा चाटल्या. “आम्हाला वाटतच होतं.”

“पण महाराज,” बगळे गुरुजी दबकत म्हणाले, “तो ससाही एक जूनचाच आहे.”

“त्याच्या थोरपणावर संशोधन चालू आहे,” डॉक्टर पिंगळे म्हणाले.

झाले. दिनविशेष समिती नेमली गेली. अध्यक्ष डॉक्टर पिंगळे. एवढी थोर मंडळी ज्या दिवशी जन्मली, त्या दिवशी थोर घटनाही घडल्या असणारच, असे समितीने ठरवले. मग एकेक घटना उचलून एक जूनला आणू लागले. पाणवठा सापडला तो दिवस एक जून. वणवा विझला तो दिवस एक जून. महाराजांचे आजोबा रानरेड्यांच्या कळपाला पाहून पळाले होते, ती घटना मात्र कुठल्याच तारखेला बसेना. ती वगळली.

शेवटी समितीने म्हाळूला बोलावले. शिळेवर लिहिणाराही त्याच दिवसाचा असला पाहिजे, असा नियम निघाला होता.

“तुमची जन्मतारीख?” डॉक्टर पिंगळ्यांनी विचारले.

“सतरा ऑगस्ट,” म्हाळू म्हणाला. काटे हळूहळू उभे राहू लागले.

सभेत कुणीतरी फिस्सकन हसले.

“पुरावा?”

“आई सांगते. मोठा पूर आला, पाणी उंबरापर्यंत चढलं, त्या दिवशी टेकडीवर भर पावसात मी झालो.”

“आई पुरावा होत नाही. दाखला आणा.”

बगळे गुरुजींना म्हाळूची दया आली. ते त्याच्या कानाशी वाकले. “अरे म्हाळू, इकडे ये. देतो लिहून एक जून. दोन मिनिटांचं काम. शिळा तुझ्याकडेच राहील.”

म्हाळूच्या जिवात जीव आला. तो धावत आईकडे गेला. आई मुळे उकरत होती. तिने सगळे ऐकून घेतले.

“घे की एक जून,” ती म्हणाली. “फुकट मिळतोय. फक्त एक जूनला तू माझ्या पोटात लाथा मारत होतास, एवढं लक्षात ठेव. एखाद्या पंडिताला सांगू नकोस, तो त्याच्यावरही समिती नेमील.”

म्हाळू परत आला. गुरुजींनी रजिस्टर उघडले, चोच शाईत बुडवली. तेवढ्यात म्हाळूने विचारले, “आणि मग सतरा ऑगस्टला शिळेवर काय लिहायचं?”

“काही नाही,” डॉक्टर पिंगळे म्हणाले. “तुम्ही एक जूनला आलात की तुमचा पूरही एक जूनला येईल. एवढा मोठा पूर ऑगस्टसारख्या किरकोळ महिन्यात ठेवणं बरं दिसत नाही.”

“पण डॉक्टरसाहेब, दोन-तीन वर्षांआड पूर त्याच सुमाराला येतो. शिळेवर वाचून खालच्या काठाची मंडळी वर जातात. नाहीतर पोराबाळांसकट...”

“तुम्ही डॉक्टर की मी?”

म्हाळूने चुन्याचे भांडे आणि काटा खाली ठेवला आणि मान खाली घालून निघून गेला. पूर तरीही एक जूनला आणलाच गेला. म्हाळू मात्र एक जूनला आला नाही.

त्या वर्षीचा एक जून मोठ्या थाटात झाला. वाढदिवशी महाराज कुणाला खात नसत, म्हणूनही तो दिवस लोकप्रिय होता. पूर्वी ऑगस्टात जात तसे पुराच्या आठवणीत सगळे वाजतगाजत टेकडीवर गेले. खाली नदीत बेडकाच्या गुडघ्याइतके पाणी होते. महाराज, प्रधान आणि सेनापती यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मग सगळे खाली उतरले आणि यंदाचा पूर आटोपला, असे समजून बिळात झोपले.

आता शिळेवर रोज लिहायला काही उरले नव्हते. समितीने एकदाच एक ओळ लिहून ठेवली: ‘आज काही विशेष नाही.’ ती वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस चालत होती.

सतरा ऑगस्टला सकाळी म्हाळू पाणी प्यायला गेला आणि तोंड लावताच मागे सरला. पाणी लाल झाले होते. फेस येत होता. काटक्या, पाने, एक उपटलेले झुडूप वाहत आले. पायाखाली मुंग्या अंडी तोंडात धरून ओळीने टेकडीकडे चालल्या होत्या. मुंग्यांना वाचता येत नाही, बाळांनो, म्हणून त्यांना समितीचा निर्णय कळला नव्हता.

म्हाळू धावत काठावरच्या पहिल्या बिळाशी गेला. तिथे सोनूबाई मुंगशीण चार पिल्लांना अंघोळ घालत होती.

“मावशी, नदी चढतेय. पोरांना घेऊन वर चला.”

“काय रे म्हाळ्या, सकाळी सकाळी? पूर झाला की जूनात. वर्षात दोनदा कुठं येतो?”

“पाणी लाल झालंय, मावशी.”

“असेल. शिळेवर काय लिहिलंय?”

“आज काही विशेष नाही,” तो पुटपुटला.

“मग? ए, कान धू नीट!” हे शेवटचे पिल्लाला.

म्हाळू डॉक्टर पिंगळ्यांच्या ढोलीखाली गेला. “डॉक्टरसाहेब, पूर येतोय.”

वरून एक डोळा उघडला. “आपण कोण? एक जूनचे का?”

“नाही.”

डोळा मिटला.

म्हाळू सशाकडे गेला. ससा दारात रुसून बसला होता. अडीच महिने झाले तरी त्याचा रुसवा गेला नव्हता.

“पूर? येऊ दे पूर,” ससा म्हणाला. “आम्हाला कोण विचारतो? आम्ही काय एक जूनचे नाही? वाघाला शाल, अस्वलाला शाल. अस्वलाला शाल कशाला हवी, सांग बरं? आणि मी थंडीत कुडकुडतो, तर माझ्यावर संशोधन चालू आहे!”

म्हाळू तसाच उभा राहिला. मागे नदीचा आवाज वाढत होता. सोनूबाईची पिल्ले अंगावर पाणी उडवत हसत होती. आयुष्यात तो कधी खोटे बोलला नव्हता. बोललाच कमी होता, तर खोटे कुठून बोलणार? त्याचे सगळे काटे ताठ उभे राहिले आणि तोंडातून शब्द पडले,

“टेकडीवर सत्कार आहे.”

सशाचे दोन्ही कान उभे राहिले. “कुणाचा?”

“राहिलेल्यांचा. एक जूनचे असून राहून गेलेल्यांचा.”

“शाल आहे?”

“आहे.”

“नारळ?”

“आहे.”

“नाव मोठ्यानं पुकारणार?”

“पुकारणार.” आता खोटे निघालेच होते तर म्हाळूने पुढचेही सांगून टाकले, “आणि प्रत्येकाला दोन शब्द बोलायला देणार.”

ससा “सत्कार! सत्कार!” असे काठभर ओरडत दिसेनासा झाला. बाळांनो, वणव्यात जनावरे पळताना मी ऐकली आहेत, पण त्या सकाळी ती जशी पळाली तशी कधी पळाली नसतील. सोनूबाईने पिल्लांना ओल्या अंगानेच उचलले आणि वाटेत नवऱ्याला ओरडली, “मिशा पुसा, फोटो निघंल!” रानउंदीर निघाले, घोरपड निघाली. डॉक्टर पिंगळे दिवसाउजेडी झाडांवर आदळत आले. “अध्यक्ष कोण?” त्यांनी विचारले.

“तुम्हीच,” म्हाळू म्हणाला.

महाराजांचा सत्कार होऊन गेला होता, पण तेही आले. सत्काराने कुणाचे पोट भरल्याचे त्या जंगलात कुणी पाहिले नव्हते.

ऊन डोक्यावर आले तेव्हा नदी आली. आधी काठ गेला, मग बिळे गेली, मग शिळा गेली. पाणी उंबराच्या खोडाला जाऊन टेकले. सोनूबाईचे बीळ जिथे होते तिथे एक ओंडका गरगर फिरत होता. तिने पिल्ले मोजली. चार होती. पुन्हा मोजली.

म्हाळूला वाटले, आता कुणीतरी काहीतरी म्हणेल. सोनूबाई आपल्याकडे बघतेय, असेही त्याला वाटले.

तेवढ्यात ससा म्हणाला, “शाल कुठाय?”

“हो की! शाल कुठाय? नारळ कुठायत?” बाकीचे ओरडले.

म्हाळूने कबूल केले. सत्कार नव्हता. पूर होता.

एकच गिल्ला झाला. “फसवलं! भर उन्हात एवढं वर चढवलं! मी भाषण पाठ केलं होतं!” घोरपड तर रडायलाच लागली.

“खोटं बोललास?” महाराज गुरगुरले. “आणि तेही सत्काराबाबत?”

“महाराज, सगळी बुडाली असती.”

“विषय बदलू नकोस!”

सोनूबाई पुढे झाली. म्हाळूला धीर आला. ती म्हणाली, “महाराज, पोरगा चुकला, पण मनाचा वाईट नाही. त्याला माफ करा. फक्त सत्कार करायला लावा.”

तसाच निकाल लागला. टेकडीवर आलेल्या प्रत्येकाचा सत्कार झाल्याशिवाय म्हाळूने खाली उतरायचे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाळू लवकर उठला. त्याने सागाची मोठमोठी पाने तोडून आणली, त्या शाली. कच्ची बेलफळे गोळा केली, ते नारळ. मग आपला एकेक काटा उपटून तो शाली टाचू लागला आणि नावे पुकारू लागला.

पहिला मान अध्यक्षांचा होता. डॉक्टर पिंगळे पानाची शाल सावरून दोन शब्द बोलायला उठले ते तासभर बोलले.

“पूर हा एक जूनलाच येत असतो,” ते शेवटी म्हणाले. “यंदा नदीनं तारीख पाळली नाही, ही खेदाची बाब आहे. समिती तिला पत्र पाठवील.”

टेकडीवर टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हाळूने पुढचे पान उचलले. अजून दोनशे बारा राहिले होते.

तात्पर्य: बाळांनो, नेहमी खरे बोलावे, पण ऐकणाऱ्यांचा जीव वाचवायची घाई नसेल तेव्हाच. घाई असेल तर शाल कुठे मिळते ते सांगावे.