कै. देवराम घोलप यांची रिकामी खुर्ची

राजन कुंटे जयपुरात कलावंत आणि साहित्यिक यांच्यावर माहितीपट काढतात. त्यांचा नियम एकच आहे: ज्याच्यावर माहितीपट काढायचा तो दिवंगत असावा. उमेदवारीच्या काळात त्यांनी एका हयात चित्रकारावरच्या माहितीपटाला हात घातला होता. ‘मी असं बोललोच नाही’ म्हणत त्या गृहस्थाने संकलन इतक्या वेळा बदलायला लावलं, की राजनजींनी कानाला खडा लावला. गेलेला माणूस ढवळाढवळ करत नाही.

त्यामुळे ‘कै. देवराम घोलप यांच्या कथालेखनावर माहितीपट हवा’ असा मराठी मंडळाचा निरोप येताच त्यांनी होकार कळवला. निरोप लिहिला होता मंडळाच्या चिटणीस ऋचा यांनी. त्या जयपुरातच वाढल्या, देवनागरी शिकल्या ती हिंदी शाळेत. हिंदीत ‘कै.’ म्हणजे ‘कैप्टन’, आपला कॅप्टन, आणि मराठीत ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. घोलप लष्करातून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेले आणि शास्त्री नगरात पत्नी तारामतीबाईंसह धडधाकट राहणारे. मंडळाला त्यांच्या पंच्याहत्तरीचा सत्कार करायचा होता.

काम झपाट्याने झालं. सी-स्कीम भागातले एक विमा अधिकारी म्हणाले, घोलप गेले आणि कथा पोरकी झाली. घोलप गेल्याचं त्यांना राजनजींकडूनच कळलं होतं. ते कथा लिहीत, हेही तेव्हाच. राजा पार्क वस्तीतल्या सुलोचनाबाई रडल्या. आवाज नीट आला नाही म्हणून पुन्हा रडल्या.

आता लेखकाची रिकामी खुर्ची तेवढी टिपायची राहिली होती. राजनजी कॅमेरा घेऊन शास्त्री नगरात पोचले. खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ चहा पीत बसले होते.

“जरा उठता का? घोलपांची खुर्ची रिकामी हवीय.”

“मीच घोलप.”

राजनजींना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी अडचण समजावून सांगितली: संकलन संपलं आहे, सारंगी वाजवून झाली आहे, आता या वयात जिवंत असण्याचा हट्ट कशाला? पुरावा म्हणून त्यांनी लॅपटॉपवर सगळं दाखवलं. चाळीस वर्षं घोलपांच्या कथा साभार परत येत होत्या. कथेबद्दल कुणी चांगला शब्द बोलल्याचं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

तारामतीबाई म्हणाल्या, “यातल्या एकानं तरी तुमची गोष्ट वाचलीय का हो?”

“वाचली नसेल. पण बोलतायत बघ किती मनापासून.”

आणि कॅप्टन चहाचा कप उचलून आपण होऊनच चौकटीबाहेर जाऊन उभे राहिले.

सत्काराच्या दिवशी माहितीपट पाहून सभागृह हुंदके देत होतं. दिवे लागले आणि ऋचाजींनी जाहीर केलं, “अब कॅप्टनसाहेब स्वतः एक कथा वाचतील.” घोलप मागच्या रांगेतून कागद घेऊन उठले. “मतलब, हे आहेत?” अशी कुजबुज झाली. विमा अधिकाऱ्यांनी राजनजींना फसवणुकीचा जाब विचारला आणि सगळ्यांबरोबर दाल-बाटीच्या रांगेत गेले. कथा तारामतीबाईंनी ऐकली. त्यांची ती पाठ होती.

घोलप अजून लिहितात. दार उघडंच असतं, कुणीही जाऊन ऐकावं. तुम्हीही जालच म्हणा कधीतरी. तोवर राजनजींकडे दोन शब्द नोंदवून ठेवा. रडणं पहिल्यांदा जमलं नाही, तर ते पुन्हा घेतात.