मिलिंद जाधव आणि त्याचा स्टाफ

आमच्या शेजारच्या मिलिंद जाधवच्या कंपनीत तीन माणसं होती, आणि तिन्ही माणसं मिलिंदच होता.

हे मला भिंतीमुळे कळलं. अंबरनाथला आमच्या बिल्डिंगच्या भिंती अशा आहेत की पलीकडे कुणी खोबरं किसलं तरी इकडे कळतं. एका सकाळी आवाज आला, "फर्नांडिस, कालचा स्क्रीन तिरका का होता? क्लायंट काय म्हणेल?" मग एक जाड, घोगरा आवाज, "सॉरी साहेब, पुन्हा नाही होणार." पाहुणे आलेत असं समजून हिने चहा टाकला. मी कप घेऊन गेलो, तर मिलिंद एकटाच शर्टाला इस्त्री करत होता.

"फर्नांडिस गेला?" मी विचारलं.

"काका, फर्नांडिस म्हणजे मीच. आवाज पक्का करत होतो."

मग त्याने खुलासा केला. क्लायंटचा पहिला प्रश्न असतो, तुमची टीम केवढी? एकट्या माणसाला कुणी काम देत नाही. म्हणून त्याने टीम तयार केली. साहेब तो स्वतः. फर्नांडिस टेक्निकल बघायचा. बुकिंगला प्रिया मॅडम होत्या, त्यांचा आवाज नाजूक आणि हिंदी शुद्ध. "प्रोफेशनल राहायचं, काका," तो म्हणाला आणि इस्त्रीचा शर्ट घालून फोन लावायला बसला. फोनवर शर्ट दिसत नाही, हे मी बोलणार होतो, पण राहू दिलं.

मिलिंद मूळचा मोबाइल रिपेअरिंगवाला. कॅम्प चारमध्ये, म्हणजे शेजारच्या गावातल्या सिंधी वस्तीत, त्याचा छोटा गाळा होता. तिथे बसून, व्हिडिओ बघून बघून तो सॉफ्टवेअर शिकला आणि त्याने स्वतःचं अ‍ॅप लिहिलं. लग्नाच्या पत्रिकेवर चौकोनी कोड छापायचा, पाहुण्याने तो दारात मोबाइलवर स्कॅन केला की मोठ्या पडद्यावर त्याचं नाव झळकणार. सुस्वागतम्!

पहिलं मोठं लग्न कॅम्प एकमध्ये होतं. पाहुण्यांची नावं त्याने नवरदेवाच्या वडिलांच्या मोबाइलमधून जशीच्या तशी उचलली. अ‍ॅप उत्तम चाललं. पडद्यावर फुलं उधळली गेली आणि अक्षरं उमटली, "सुस्वागतम्! विमावाला लोचट." त्याच्यामागून, "सुस्वागतम्! मामा कंजूस." मग नवरदेवाची सख्खी आत्या आली, शालू सावरत तिने कोड स्कॅन केला, आणि हॉलभर दिसलं, "सुस्वागतम्! फोन उचलू नये."

दुसऱ्या दिवशी नवरदेवाच्या वडिलांचा फोन आला तो थेट फर्नांडिसला. भिंतीला कान न लावताही मला सगळं ऐकू आलं. "साहेबांनी मला खूप झापलं सर. काढून टाकणार म्हणतात." पलीकडचा माणूस विरघळला असावा, कारण लगेच प्रिया मॅडमचा आवाज आला, "नाही सर, तुम्ही सांगताय म्हणून फर्नांडिसला या वेळी ठेवतो."

असं बरंच चाललं. मग हासानंद शेठ आले.

कॅम्प तीनमध्ये त्यांचा जीन्सचा कारखाना. आसपासच्या छोट्या कारखानदारांना जमवून त्यांना बदलापूरला मोठं प्रदर्शन भरवायचं होतं. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांनी तिथला माल मोबाइलवर बघायचा, तिथूनच ऑर्डर द्यायची. मिलिंदला आजवर मिळालं नव्हतं एवढं मोठं काम. पण महिनाभर फोनवर फर्नांडिस आणि प्रिया मॅडमशी बोलून झाल्यावर शेठ म्हणाले, "पहिले टीम दिखाओ."

मिलिंद संध्याकाळी आमच्या दारात. "काका, एक दिवस फर्नांडिस व्हा."

"अरे, मला त्यातलं काही कळत नाही."

"फर्नांडिसलाही कळत नाही. म्हणून तर सगळ्या चुका त्याच्या."

मी नाही म्हणणारच होतो, तेवढ्यात आतून हिने विचारलं, "प्रिया मॅडम साडी नेसतात की ड्रेस घालतात?"

ठरल्या दिवशी आम्ही दोघं गाळ्यात जाऊन बसलो. मी गळ्यात ओळखपत्र अडकवलं होतं. शेठ आले, खुर्चीत टेकले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"फर्नांडिस साब, तुम्ही बँकेत खिडकीवर बसत होते ना? पाटकर? और ये भाभीजी. दिवाळीला आपके साथ हमारे दुकानात येत होत्या."

ओळखपत्र काढावं की ठेवावं, मला कळेना. हिने पदर सारखा केला.

मिलिंद उभा राहिला. त्या दिवशी त्याचा खरा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. "शेठ, टीम नाही. सगळं मीच आहे. पण अ‍ॅप माझं आहे, आणि काम मला येतं."

"फर्नांडिसला मी शिव्या दिल्या, त्या तूच ऐकल्या?"

"हो."

"और वो प्रिया मॅडम? मला खोकला होता, तर रोज फोन करून विचारलं, काढा घेतला का. वो भी तू?"

"ते… मीच, शेठ."

शेठनी समोरचा चहा संपवला. मग म्हणाले, "काम तुझं, साईं. पण खरी माणसं ठेव. तू एकटा आजारी पडला, तो मेरा प्रदर्शन बंद."

मिलिंदने दोघांना ठेवलं. वांगणीची वनिता, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी पुन्हा कॉम्प्युटरवर बसलेली, आणि कॅमेऱ्याला रमेश. प्रदर्शनात ऐन गर्दीत इंटरनेट गेलं. मिलिंद सवयीने धावला, तर वनिताने आधीच स्वतःचा मोबाइल जोडून सगळं चालू केलं होतं. तो तिथेच उभा राहिला. धावत निघालेल्या माणसाला काम उरलं नाही की तो कसा दिसतो, तसा.

नंतर एकदा कॅम्प चारला गेलो होतो म्हणून गाळ्यात डोकावलो. जेवायची वेळ होती. वनिता आणि रमेशने पेपर पसरून डबे उघडले होते. मिलिंद आपलं पार्सल घेऊन काचेच्या पार्टिशनमागे निघाला.

"सर, आत कुठं चाललात?" वनिता म्हणाली. "भाकरी निवतेय. या हिकडं."

तो पार्सल धरून थांबला. कुठे बसायचं ते त्याला समजेना. रमेश सरकला, तेव्हा बसला. वनिताने न विचारता त्याच्या पुढ्यात वालाचं बिरडं वाढलं. ती दोघं कुणाच्या तरी सासूबद्दल बोलून हसत होती. मिलिंद मान खाली घालून, एकेक घास सावकाश चावत जेवला. हसायच्या जागी थोडा उशिरा हसला.

मला शेअर रिक्षापर्यंत सोडायला तो आला. रिक्षात अजून एक सीट भरायची होती.

"काका, एक विचारू? तुम्ही बँकेत सगळे एकत्र जेवायचात ना?"

"हो."

"रोज? मग रोज विषय काय काढायचा?"

मी हसलो, पण तो हसत नव्हता. "अरे, विषय नसतो," मी म्हटलं. "कुणीतरी काहीतरी बोलतं. नाही बोललं तरी चालतं."

"नाही बोललं तरी चालतं?"

"चालतं."

त्याने मान हलवली. चौथी सीट भरली, रिक्षा सुरू झाली. "मग जमेल," असं तो म्हणाला, पण मला नाही, स्वतःलाच, आणि वळून गाळ्याकडे निघाला.