आमच्या बेडरूमचं रीडिंग

तुम्हाला म्हणून सांगतो, समोरच्या गच्चीवरचा मोबाइल टॉवर हटवायला खमक्या सेक्रेटरी लागतो. म्हणजे मी! सोसायटीच्या सभेत छातीठोकपणे सांगून टाकलं, "माझं डोकं त्या टॉवरमुळेच दुखतं. मोजणीत त्याचं रेडिएशन मर्यादेबाहेर निघालं नाही, तर सेक्रेटरीपद सोडतो!" टाळ्या पडल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदाच!

घरी येऊन सगळ्यांचे मोबाइल जमा केले आणि ड्रॉवरला कुलूप घातलं. बेडरूमच्या खिडक्यांना स्वयंपाकघरातला फॉइल चिकटवला.

"ही खोली आहे की जेवणाचा डबा?" बायको म्हणाली.

"अरे, दिवस आहे की रात्र तेही कळेना मला!" आईनं कुरकुर केली.

मी कोणाचं ऐकतोय!

मोजणीला इंजिनिअरबाई आल्या. मागोमाग अख्खी सोसायटी. गच्चीवर त्यांनी यंत्र धरलं. "मर्यादेच्या आसपाससुद्धा नाही," त्या म्हणाल्या. शेजारचे वकील तर आतापासूनच नव्या सेक्रेटरीसारखे हसायला लागले.

"बेडरूममध्ये मोजा!" मी ओरडलो.

बेडरूममध्ये यंत्र नेलं मात्र, आकडा भराभर चढायला लागला! मी अक्षरशः नाचलो. "बघितलंत? बघितलंत ना?"

बाईंनी शांतपणे खिडकीवरचा फॉइल ओढून काढला. आकडा धाडकन खाली!

"टॉवर बाहेर आहे ना हो? मग आडोसा काढल्यावर आकडा वाढायला हवा," त्या म्हणाल्या. "आत मोबाइल चालू आहे. फॉइलमुळे त्याला टॉवर सापडत नव्हता, म्हणून बिचारा घसा फोडून ओरडत होता."

"अशक्य! आमच्या घरात एकही फोन चालू नाही!"

बाईंनी यंत्र कपाटाकडे नेलं. टॉवेलांच्या थप्पीतून बायकोचा फोन निघाला.

"ताईला भाचीच्या नाचाचा व्हिडिओ पाठवत होते," ती पुटपुटली. "सकाळपासून जातच नव्हता मेला!"

"अगं, मग ड्रॉवरमध्ये काय आहे?"

"जुने, बंद पडलेले."

आईनं न विचारताच माझ्या गादीखालून स्वतःचा फोन काढला. "तुझ्या खोलीत तू थोडाच शोधणार होतास?"

मी आता दोघींना फैलावर घेणार, इतक्यात यंत्र माझ्या उशीजवळ पुन्हा किंचाळलं. वकिलांनी अभ्र्यात हात घातला. तिसरा फोन!

"हा कोणाचा?" बायकोनं विचारलं.

"टॉवरवाल्यांनीच लपवला असणार!" मी ठणकावलं.

तेवढ्यात स्क्रीन उजळली. 'टॉवर हटवा' असा फलक धरून त्यात मीच हसत होतो.

राजीनामा त्याच फोनवरून पाठवला. एका सेकंदात गेला हो! फॉइल काढलेला होता ना.