टेकडीमुक्त ग्रामपंचायत

जव्हारला आमच्या घरात इंटरनेट पुढच्या खोलीत येतं आणि माणसं मागच्या खोलीत बसतात. मधल्या भिंती जुन्या, दगडी, हातभर जाड. त्या भेदून इंटरनेट स्वयंपाकघरात जाईना आणि आमच्या सौभाग्यवती पुष्पलता मालिका सोडून पुढच्या खोलीत येईनात. तेव्हा मी पॉवरलाइन अडॅप्टरची एक जोडी आणली. दोन पांढऱ्या डब्या असतात. एक राउटरजवळच्या बोर्डात खोचायची, दुसरी स्वयंपाकघरातल्या बोर्डात. मग इंटरनेट भिंतीतल्या विजेच्या वायरीतून निमूटपणे चालत जातं आणि पलीकडच्या डबीतून बाहेर पडतं. भोक नको, गवंडी नको, कुणाची परवानगी नको.

एकच खोट होती. मिक्सर लावला की मालिका थांबायची. सून सासूसमोर तोंड उघडून उभी, ती चटणी वाटून होईपर्यंत तशीच. मोटारीचा काहीतरी कचरा वायरीत मिसळतो, असं डब्या विकणारा म्हणाला. पुष्पलताने मिक्सर माळ्यावर टाकला आणि पाटा-वरवंटा खाली काढला. प्रश्न सुटला. पण मी पडलो ग्रामसेवक. सुटलेला प्रश्न वर कळवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझी ग्रामपंचायत मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्याच्याही पलीकडे डोंगरात आहे. नाव सांगत नाही, कारण पुरस्काराची फाइल अजून वर आहे. तिथल्या इमारतीला दोन खोल्या आहेत. एकीत आमचं कार्यालय, दुसरीत पंढरीचं रेशन दुकान. कार्यालयात केबलने इंटरनेट आलेलं आहे, दुकानात नाही. आणि रेशनला हल्ली पोटापेक्षा अंगठा महत्त्वाचा. अंगठ्याला मशीन लागतं, मशीनला इंटरनेट लागतं. म्हणून पंढरी इतकी वर्षं मशीन पिशवीत घालून गावामागच्या टेकडीवर जायचा. तिथं ऐनाच्या झाडाखाली दरीपलीकडच्या टॉवरची रेंज यायची. लोक मागोमाग चढायचे, चपला रांगेत ठेवून सावलीला बसायचे, आपल्या चपलेचा नंबर आला की अंगठा द्यायचे आणि खाली येऊन तांदूळ न्यायचे. सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणजे नियमात काहीच बसत नव्हतं.

त्यातच आदेश आला. तीन महिन्यांच्या आत प्रत्येकाने अंगठा देऊन आपण जिवंत आहोत आणि आपणच आहोत, हे सिद्ध करायचं. जो करणार नाही त्याचं नाव रेशनच्या यादीतून जाणार. सगळ्यांचं झालं, राहिली एकटी गौरा आजी. जन्मभर नागलीची, म्हणजे नाचणीची, लावणी आणि दगडमातीची कामं करून तिच्या बोटावरच्या रेघाच झिजून गेलेल्या. मशीन तिला ओळखेना. पण पंढरी चिवट माणूस. "आजी, बोटाला तेल लाव आन् परत ये. एक दिवस घेईल ते," म्हणायचा, आणि आजी परत टेकडी चढायची. लेक-जावई ठाण्याला कामाला, दोन नातवंडं तिच्या गळ्यात. नाव गेलं की चुलीवर काही नाही, इतकं ते साधं होतं.

अशा वेळी तालुक्याच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि डब्यांची हकिगत सांगितली. मिक्सरचं सांगितलं नाही, ती घरगुती बाब होती. साहेब लोक खूश झाले. टेकडीवर मशीन जातं याची त्यांना फार दिवस लाज वाटत होती. फोटो चांगले येत नव्हते. लगेच 'विद्युतमार्गी संजाल कक्ष' स्थापन झाला, त्यांच्यातले धर्मेंद्र साहेब त्याचे प्रमुख झाले आणि माझं गाव प्रायोगिक ठरलं.

पंढरीला हे सांगितलं तर तो म्हणाला, "भाऊसाहेब, मधी एक तं भिंत आहे. भोक पाडू, तुमची केबल इकडं घेऊ. पहार माझ्याकडं आहे."

मी त्याला समजावलं की भिंत बांधकाम विभागाची, केबल दळणवळण विभागाची आणि पहार त्याची खाजगी. या तिघांना एका भोकात आणायचं तर माझी नोकरी संपेल, भोक पडणार नाही. त्याला ते पटलं नाही, पण त्याने पहार ठेवून दिली.

उद्‌घाटन थाटात झालं. आमच्या भागात कुठलीही वस्तू वारली चित्र काढल्याशिवाय सरकारी होत नाही, म्हणून दोन्ही डब्यांवर तारपा नाच रंगवून घेतला. नाचणाऱ्यांचा फेर नेमका डबीच्या दिव्यावर आला, त्यामुळे डबी चालू आहे की बंद, हे तेव्हापासून कुणालाच कळलेलं नाही. त्याच कार्यक्रमात गाव टेकडीमुक्त जाहीर करण्यात आलं.

जाहीर केलं म्हणजे राखणं आलं. रोज पहाटे एक पथक शिट्ट्या घेऊन टेकडीच्या पायथ्याशी उभं राहू लागलं. मोबाईल घेऊन कुणी वर चढताना दिसला की शिटी वाजवायची आणि गुलाबाचं फूल देऊन त्याला शरमिंदा करायचं. एका पहाटे गावातला भिका सापडला. तो म्हणाला, "मी तं तांब्या घेऊन चाललोय." पथकाने तांब्यात मोबाईल नाही याची खात्री करून घेतली आणि त्याला सन्मानाने रानात जाऊ दिलं.

पहिल्या दिवशी दुकानात इंटरनेट आलं. रांगेतल्या पहिल्या रंगूने अंगठा दिला, मशीनने तिला ओळखलं, टाळ्या झाल्या. मग पंढरीने तांदूळ मोजायला वजनकाटा चालू केला आणि इंटरनेट गेलं. काटा बंद केला, इंटरनेट आलं. गौरा आजी पुढे झाली, तिने अंगठा टेकवला, तेवढ्यात कार्यालयात कुणीतरी पंखा लावला आणि मशीनने तिला अर्धवट ओळखून सोडून दिलं.

धर्मेंद्र साहेब तपासणीला आले. त्यांनी डबीला कान लावला, वायरीवरून हात फिरवला आणि निदान केलं. "भाऊसाहेब, वायर एकच आहे. तिच्यातून इंटरनेट जातं आणि वीजही जाते. वीज इंटरनेटच्या आड येते आहे."

"मग काय करायचं, साहेब?"

"वायर इंटरनेटसाठी राखीव करा. विजेचा वापर हळूहळू कमी करत न्या."

आदेश निघाला. इमारतीतले पंखे, दिवे, वजनकाटा, कार्यालयातला कॉम्प्युटर, सगळं बंद. इंटरनेट थोडं सुधारलं, पण मधूनच लंगडायचं. पाहणी केली तर गावातली पिठाची गिरणी त्याच लाइनवर. गिरणी बंद केली, बायका जात्यावर बसल्या. 'पारंपरिक पोषणाकडे वाटचाल' असा मी अहवाल दिला. मग नळाच्या पाण्याची मोटर बंद केली, हंडे विहिरीवर गेले. शेवटी घराघरांतले मोबाईलचे चार्जर जप्त केले, कारण सगळ्यात जास्त कचरा म्हणे तेच करतात. शाळेतल्या सुनिता मॅडमनी विचारलं, "भाऊसाहेब, वर्गात उजेड नाही, मुलांना फळा दिसत नाही." मी म्हणालो, "मॅडम, मुलांना इंटरनेटवर शिकवा, आता भरपूर आहे." त्यांनी विचारलं, कशावर शिकवू. तो प्रश्न माझ्या अखत्यारीत नव्हता.

मात्र वेग असा वाढला की तालुक्याचे डोळे दिपले. वापरायला कुणी नाही म्हटल्यावर इंटरनेट वाढणार नाही तर काय होणार. अधूनमधून गावची वीजच जायची, त्या दिवशी तर व्यत्यय शून्य यायचा. असे दिवस आम्ही अहवालात ठळक केले. वरून विचारणा आली, आणखी गावांत राबवता येईल का. पुरस्कारासाठी आमचं नाव गेलं ते असं.

गौरा आजी रोज यायची, उंबऱ्याशी बसायची. "भाऊसाहेब, आज आंगठा घेशील कं?"

"आजी, आज मशीन बंद आहे."

कारण मशीनही विजेवर. ते चार्जिंगला लावलं की वायरीत कचरा, न लावलं की बॅटरी रिकामी. धर्मेंद्र साहेबांनी यावर लेखी मत दिलं होतं की योजनेच्या यशाला सर्वात मोठा धोका मशीनपासून आहे.

"मंग मी टेकडीवं जातां. पंढऱ्याला मशीन घेऊन संगं धाड. ऐनाखाली त्याला वायर लागत नव्हती."

मी तिला खरं ते सांगितलं, की गाव टेकडीमुक्त आहे, आणि टेकडीवर अंगठा दिला तर तो अंगठा बेकायदा ठरेल. ती उंबऱ्यावरून उठून माझ्या टेबलापुढे आली. मग म्हणाली, "मी जिती आहे. तू बघतंस ना मला? मंग तूच लिही ना तसं, भाऊसाहेब जिती बघितली म्हणून."

मला वाईट वाटलं. पण माझ्या बघण्याला कुठल्याही परिपत्रकात आधार नाही.

मुदतीचा शेवटचा दिवस आला तेव्हा मीही माणूस असल्याचं मला आठवलं. आदल्या संध्याकाळी मशीन पिशवीत घालून जव्हारला घरी नेलं आणि गुपचूप चार्ज केलं. सकाळी दुकानात आणून ठेवलं. पंढरीने आजीच्या बोटाला तेल लावलं, तिच्याच पदराने पुसलं, आणि तिने अंगठा टेकवला. अख्खा गाव श्वास रोखून उभा. दिवा नाही, पंखा नाही, गिरणी नाही. मशीनच्या पडद्यावर तो थांबायला लावणारा गोल फिरू लागला. खाली अक्षरं आली, 'ओळख पटत आहे, अंगठा काढू नका'. पंढरीच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण मशीन आजीशी इतकं प्रेमाने पूर्वी कधी बोललं नव्हतं.

आणि गोल फिरतच राहिला.

मी तालुक्याला जाऊन धर्मेंद्र साहेबांना कळवलं. त्यांनी तिथूनच आकडे बघितले आणि सांगितलं, "गावात आता काहीच चालू नाही. म्हणजे व्यत्यय गावाबाहेरचा आहे. वायर पुढे जाते ना? तिच्यामागे जा, चालू वस्तू शोधा, बंद करा."

मग मी वायरीमागे निघालो. मोखाड्यात फोटोकॉपीचं दुकान बंद करवलं, एका लग्नघरचा डीजे बंद करवला, गोल फिरतच होता. वायर जव्हारपर्यंत आली. बंद करत करत मी आमच्या आळीत पोचलो, आमच्या घराशी पोचलो. आत फ्रिज चालू, टीव्ही चालू, आणि माळ्यावरचा मिक्सर खाली आलेला. पुष्पलता म्हणाली, "एका अंगठ्यासाठी माझा फ्रिज बंद करायला लावताय? दूध नासेल. आधी बाकीच्यांना सांगा ना." मुद्दा बरोबर होता. जव्हारची तपासणी समाधानकारकरीत्या पूर्ण झाली, असं मी लिहिलं आणि वायरीमागे पुढे गेलो.

वायर काही संपत नाही हो. ती घाट उतरते, शहरात जाते, गल्लीगल्लीत शिरते. तिच्यामागे चालत मी आता तुमच्या दाराशी आलो आहे.

तुम्ही हे वाचताय ते कुठल्या तरी दिव्याखालीच. डोक्यावर पंखा आहे. मोबाईल चार्जिंगला असेल, निम्मा भरला असूनही. पंढरीचा आताच निरोप आला, गौरा आजीने अंगठा अजून काढलेला नाही. तिला वाटतंय, काढला तर ती मेली. उठाल का जरा? बटण तुमच्या हाताशीच आहे.

तुम्ही उठत नाही, हे मला दिसतंय. तुमचंही दूध नासेल. काही हरकत नाही, बसा. दोष कुणाचा, तेवढा रकाना अहवालात रिकामा होता. तुमचं पूर्ण नाव सांगा.