बेसमेंटमधला सिलिंडर

बाटल्या एकमेकींवर आपटल्या की आवाज होतो, एवढ्या एका गोष्टीवरून हे सगळं सुरू झालं.

कॅनडातल्या किचनर गावी आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी गेली दोन वर्षं घरच्या घरी बिअर करतो. (उमा याला छंद म्हणत नाही. कोणी विचारलं तर ती म्हणते, "चारूचं खाली काहीतरी चालू असतं.") बिअर तयार झाली की ती पन्नासेक बाटल्यांत भरायची, बुचं ठोकायची, बाटल्या रांगेत लावायच्या, असा माझा क्रम. त्याचा आवाज वरच्या किचनपर्यंत येई, पण तक्रार करायला तिथे कोणी नव्हतं.

मग ऑक्टोबरमध्ये माझ्या सासऱ्यांचं, भाऊसाहेबांचं, सहा महिन्यांसाठी यायचं ठरलं. सासूबाई थंडीला भिऊन साताऱ्यातच राहिल्या. भाऊसाहेब पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून रिटायर झालेले. सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी ते मला 'चारुदत्तराव' म्हणत, आणि म्हणताना असे बघत, की मी एखादं टेंडर आहे आणि माझी कागदपत्रं अपुरी आहेत.

"बाबांना बिअरचं कळता कामा नये," उमाने बजावलं.

"मग काय, बंद करू?"

"बंद कर असं मी म्हणाले का? आवाज बंद कर."

त्या वाक्यावर मी इतका खूश झालो, की खाली जाऊन फोल्डिंगच्या खुर्चीत बसलो आणि विचार करता करता तरंगायलाच लागलो. बाटल्या नकोतच. टाक्या घ्यायच्या. पूर्वी हॉटेलांतून सोडा ज्यात भरून यायचा, त्या स्टीलच्या उभ्या टाक्या, ज्यांना इथले लोक केग म्हणतात, त्या जुन्या बाजारात मिळतात. बिअर त्यात ओतायची, बाजूला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडायचा, की झालं. एक नळी, एक तोटी. बेसमेंटच्या त्या छोट्या खिडकीतून, जिथून फक्त शेजाऱ्यांचे घोटे दिसतात, तिथून बर्फ पडताना दिसतोय, मी तोटी ओढतोय, आणि सोनेरी धार निःशब्दपणे ग्लासात उतरतेय, वर पांढरा फेस, बाहेर पांढरा बर्फ, आणि मध्ये मी. त्या चित्रात मला केसही बरेच होते.

दुसऱ्याच शनिवारी मी हॅमिल्टनला गेलो. ग्लेन नावाचे एक म्हातारे गृहस्थ, जन्मभर पोलादाच्या कारखान्यात काम केलेले, आपल्या गॅरेजमधल्या चार टाक्या काढून टाकणार होते. टाक्यांना चार ठिकाणी पोचे होते आणि एकीवर रूट बिअरचं, म्हणजे इथल्या एका औषधी वासाच्या गोड सोड्याचं, फिकट स्टिकर होतं. ग्लेन मला बराच वेळ काहीतरी समजावत होते. सगळे रबर बदल, आधी प्रेशर सोड, मगच हात लाव, असं काहीसं. मी मान हलवत होतो. पण गॅरेजच्या दारातून दुपारचं ऊन तिरपं आत येऊन त्या टाक्यांवर पडलं होतं, आणि टाक्या अशा चमकत होत्या, की मला ग्लेनचा आवाज लांबून, तळ्याच्या पलीकडून आल्यासारखा येत होता.

"कळलं ना?" त्यांनी शेवटी विचारलं.

"अगदी," मी म्हणालो.

(मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी सूचना नीट वाचल्या नाहीत, हे शोधून काढण्याचा मला पगार मिळतो.)

टाक्या मी गरम पाण्याने विसळल्या. रबराच्या रिंगा चांगल्या दिसत होत्या, म्हणून तशाच ठेवल्या. एका टाकीत बिअर भरली, सिलिंडर जोडला, त्यावरचा घड्याळासारखा गेज बघत बसलो. भाऊसाहेब आल्यावर त्यांना घर दाखवताना बेसमेंटच्या जिन्यापाशी मी म्हणालो, "खाली काही विशेष नाही बाबा. फर्नेस आणि वॉटर सॉफ्टनर. इथलं पाणी फार जड."

"बघू कधीतरी," भाऊसाहेब म्हणाले.

पाण्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला पाण्याचं यंत्र दाखवायचं आमिष देणं म्हणजे काय, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण त्या दिवसांत माझ्या लक्षात फक्त ती सोनेरी धार होती. बिअरमध्ये गॅस मुरायला आठवडाभर लागतो, आणि तो आठवडा मी अर्धवट डोळे मिटूनच काढला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मला फेस दिसे. घर गरम करणाऱ्या फर्नेसच्या कोरड्या हवेने मला खोकला झाला होता, त्यामुळे मी खोकत खोकत स्वप्नं पाहत होतो.

बुधवारपासून भाऊसाहेब बदलले.

आधी त्यांनी माझ्या हातातल्या ग्रोसरीच्या पिशव्या काढून घेतल्या. "राहू द्या, मी आणतो. तुम्ही बसा." गुरुवारी पहिला बर्फ पडला, तर बहात्तर वर्षांचा माणूस माझ्या आधी उठून फावड्याने ड्राइव्हवे साफ करत होता. मी धावत गेलो, तर म्हणाले, "थंड हवेत कशाला आलात? आत व्हा." शुक्रवारी त्यांनी स्वतः आल्याचा आणि गवती चहाचा काढा केला आणि कप माझ्या हातात देताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. हात थोडा वेळ तिथेच राहिला.

"तुझ्या बाबांना मी आवडायला लागलोय," मी उमाला म्हणालो.

"त्यांची तब्येत बरी नसेल," उमा म्हणाली.

पण मी आता दुसऱ्याच ढगात होतो. खिडकीतून बर्फ पडतोय, एका खुर्चीत मी, दुसऱ्या खुर्चीत भाऊसाहेब, आणि दोघांच्या हातात... नाही, त्यांच्या हातात काढा. तरीही. किती सुंदर.

शनिवारी दुपारी उमा कपड्यांना इस्त्री करत होती. मी गुपचूप खाली उतरलो. बघतो तो भाऊसाहेब माझ्याच फोल्डिंगच्या खुर्चीत, सिलिंडरसमोर, हात मांडीवर ठेवून बसलेले.

"या चारुदत्तराव," ते हळू आवाजात म्हणाले. "मी बुधवारीच पाहिलंय. सॉफ्टनर बघायला आलो होतो."

"बाबा, मी सांगणारच होतो..."

"कधीपासून आहे?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं!" त्यांनी डोळे मिटले. "उमाला माहीत आहे?"

"हो. तिनेच सांगितलं, तुम्हाला कळू देऊ नको म्हणून."

"पोर माझी. एकटीने सोसलं." त्यांनी गेजकडे पाहिलं. "रोज लागतं?"

"छे, छे. शनिवार-रविवार. फार तर शुक्रवारी संध्याकाळी."

"आणि न घेता राहवत नाही?"

"राहवतं. पण घेतलं की जरा मोकळं वाटतं."

"वाटणारच," भाऊसाहेब म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मी चकित झालो. दारूवर इतक्या कोवळेपणाने बोलणारा निर्व्यसनी माणूस मी पाहिला नव्हता. "ऑफिसात कळलंय?"

"ऑफिसात बरेच जण करतात, बाबा."

"इतक्या तरुण वयात?" त्यांनी मान हलवली. "ही इथली हवा. चला, आता माझ्यापुढे लाजू नका. मी इथे बसतो. लावा."

"आत्ता? तुमच्यासमोर?"

"माझ्यासमोरच लावा. मला बघायचंय तुम्हाला बरं वाटताना."

खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू आलं असतं. खिडकीबाहेर बर्फ अगदी सावकाश, वेळ घेत घेत पडत होता. ज्या माणसासमोर मी नऊ वर्षं पाय आवरून बसलो, तो मला म्हणत होता, घे. मी ग्लास काढला. सिलिंडर उघडला. गेजचा काटा डौलात वर चढला.

आणि टाकीतून फुस्स असा आवाज यायला लागला.

झाकणाकडून येतोय की वरच्या नटाकडून, कळेना. आत गॅस भरलेला, बाहेर सासरे भरून आलेले. ही घडी वाया जाऊ द्यायची नव्हती. मी पाना घेतला आणि बिअर निघते त्या बाजूचा नट जरासा सैल केला. जरासाच. मला वाटलं, आतली रिंग नीट बसवली की होईल.

नट माझ्या कानाजवळून गेला. त्याच्यामागून बिअर आली. निःशब्द सोनेरी धार वगैरे काही नाही, एक जाडजूड कारंजं सरळ छताला जाऊन थडकलं आणि तिथून चारी दिशांनी खाली आलं. मी दोन्ही तळहातांनी ते दाबायला गेलो, त्यामुळे ते फक्त आडवं झालं, आणि आडवं झाल्यावर समोर खुर्चीत कोण होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

"ऑक्सिजन!" भाऊसाहेब ओरडले. "उमा! यांचा ऑक्सिजन फुटला! ॲम्ब्युलन्स बोलाव! चारुदत्तराव, श्वास घ्या! श्वास घ्या!"

"बाबा, तो ऑक्सिजन..."

"बोलू नका! फुप्फुसांवर ताण येईल!"

म्हणजे हे होतं. सिलिंडर, नळी, गेज आणि माझा खोकला. भाऊसाहेबांच्या थोरल्या भावाच्या पलंगाशेजारी शेवटच्या वर्षात असाच सिलिंडर होता, आणि बुधवारी माझा पाहिल्यापासून ते एक रात्रही धड झोपले नव्हते.

उमा हातात इस्त्री घेऊन जिन्यात उभी होती. तोवर टाकी रिकामी होत आली होती. शेवटचे दोन-तीन उसासे टाकून ती गप्प झाली. छतावरून फेसाचे गोळे अगदी हळुवार, तरंगत पडत होते, बाहेर बर्फ पडत होता तसेच. भाऊसाहेबांच्या मिशीवरून एक थेंब ओघळून ओठांत गेला. त्यांनी तो चाखला.

"हे कसलं औषध? कमरेला चोळायच्या मलमासारखं लागतंय."

(जुन्या रबरात मुरलेली रूट बिअर. ग्लेन तेच सांगत होते बहुतेक.)

"बाबा, बिअर आहे ती," उमा म्हणाली. "चारू घरी करतो."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसायला सदऱ्याचं टोक धरलं, तेही ओलं होतं, तेव्हा तसाच हातात ठेवला. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसले. मला वाटलं, आता संपलं. उद्याचं विमान. नऊ वर्षांत जे मिळालं नव्हतं ते चार दिवस मिळालं, आणि तेही आजाऱ्याच्या वाट्याचं, माझं नव्हेच.

"म्हणजे फुप्फुसं ठीक आहेत?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहेत."

"खोटं नाही ना? हा खोकला?"

"फर्नेसच्या हवेने होतो, बाबा. शपथ."

"तिकडे हिच्या आईला फोनवर सांगायला तोंड उघडायचो आणि मिटायचो," ते म्हणाले. "येत्या मंगळवारी सांगणार होतो." आणि त्यांनी चेहऱ्यावर हात फिरवला. पुसत होते की काय करत होते, मी पाहिलं नाही. मी जमिनीवर गुडघे टेकून फडक्याने बिअर टिपत होतो आणि माझंही नाक वाहत होतं.

बऱ्याच वेळाने ते उठले. गेलेला नट शोधून आणला, उजेडात धरला, आतली भेगाळलेली रिंग नखाने काढली.

"प्रेशर सोडल्याशिवाय नट कोण खोलतं, गाढवा?"

गाढवा! नऊ वर्षांचं 'चारुदत्तराव' एका फटक्यात गळून पडलं. इतकं गोड मला आजवर कोणी काही म्हटलं नव्हतं. उमाने ते हसू पाहिलं आणि इस्त्री घेऊन वर निघून गेली.

त्यानंतरचे दिवस मला धुक्यातून पाहिल्यासारखे आठवतात. भाऊसाहेबांनी चारही टाक्या उघडल्या. प्रत्येक रबर बदलायला लावलं. भांड्याचा साबण पाण्यात कालवून सगळ्या जोडांवर लावला आणि कुठे बुडबुडा येतोय ते भिंग घेऊन पाहिलं. एका वहीत गेजचा आकडा सकाळ-संध्याकाळ लिहिला. बिअरचा थेंब त्यांनी पुन्हा तोंडात घेतला नाही, पण टाकीवर हात ठेवून ते असे उभे राहत, की खाली धरण आहे आणि दरवाजे त्यांच्या हुकमाने उघडणार आहेत. फोल्डिंगची खुर्ची आता त्यांची होती. खिडकीही त्यांचीच. मला आत यायचं असलं तर मी जिन्यातून खाकरत असे.

डिसेंबरच्या एका रविवारी मी बेसमेंटच्या सिंकपाशी कोपरापर्यंत हात घालून उभा होतो. भाऊसाहेब खुर्चीत बसून सासूबाईंशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते.

"अगं, वेळ कसा जातो काय विचारतेस. इथे एक प्रकल्पच हाती घेतलाय. चार टाक्या, सगळं प्रेशरवर. एक थेंब गळत नाही."

तिकडून सासूबाईंनी काहीतरी विचारलं. भाऊसाहेबांनी मान वळवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी खांदे सरळ केले, पोट आत घेतलं.

"जावई ना? आहे की इथेच, हाताखाली," ते म्हणाले. "पोरगा होतकरू आहे. टाक्या छान घासतो. नटांना मात्र अजून हात लावू देत नाही मी."