गिरणी बंद ठेवली त्या दिवशी

"मी खाल्ला नाही!" माझा नवरा मुखेबी पातेल्यावर वाकून ओरडला.

"मग काय उडाला? कोंबडा मेला आणि त्याचा पेटा तेवढा एकटा उडून गेला?"

"बरासाची आई, म्हणशील ती शपथ घेतो."

"शपथ नको. तोंड उघड."

त्यानं खरोखर तोंड उघडलं. (पुढे तीन दात आणि मागे अंधार. एवढ्या भांडवलावर पेटा चावणं अवघडच, पण डोकं तापलं की असलं काही सुचत नाही.)

आमच्याकडे पाहुण्यासाठी कोंबडा कापला की त्याच्या पोटातला तो चिवट गोळा, पेटा, पाहुण्याच्याच ताटात पडतो. ताटात पेटा नसला की पाहुणा जेवण सोडून उठतो, आणि ती गोष्ट लुखोबा बाजारात तुमच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरते. आणि आजचा पाहुणा कोण? अंगणात अवोकाडोच्या झाडाखाली आमच्या भागावर सरकारनं नेमलेल्या नव्या चीफबाई नामालवा बसल्या होत्या आणि शेजारी पाद्री वेकुलो. या पाद्रीबाबानं माझ्या घरालगतच्या गिरणीला खेटून पत्र्याचं चर्च उभं केलं, आणि मग अर्ज दिला की गिरणीच्या आवाजात देवाचा शब्द ऐकू येत नाही, तेव्हा गिरणी नदीपलीकडे हलवा. जेवण झालं की चीफबाई निकाल देणार होत्या.

एकतीस वर्षं ती गिरणी मी चालवते आहे. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पहिल्यांदा इंजिन खोललं तेव्हा प्रत्येक भागावर कोळशानं खूण केली, आणि परत जोडलं तेव्हा दोन नट उरले. ते नट अजून डब्यात आहेत आणि इंजिन अजून चालतं आहे. कारखानेवाल्यांनी यातून काय घ्यायचा तो बोध घ्यावा. इंजिन नदीपलीकडे जाईल हो, पण माझे गुडघे जायचे नाहीत. अडुसष्टाव्या वर्षी नव्यानं कुठे ओटा बांधू? दमले आहे मी.

म्हणून सकाळी मी एक लहानसा निर्णय घेतला. मोठं माणूस दारी येतंय, तर त्यांच्या मानासाठी आज गिरणी बंद ठेवू. (माणसानं फार सभ्यपणा करू नये. सवय नसली तर मुळीच करू नये.)

"नांजाला, तू?" मी नणंदेकडे वळले.

"वहिनी, बाईमाणूस कधी पेटा खातं का?"

"चीफही बाईच आहे," मुखेबी मध्ये घुसला. "रीतीनं बघितलं तर पेटा घरच्या पुरुषाचा. म्हणजे माझा."

"बघ, चोर आपल्या तोंडानं बोलला!"

"चोर मी? एकतीस वर्षं या घरातल्या प्रत्येक कोंबड्याचा पेटा तू खातेस! अख्ख्या बुकुसू मुलखात पेटा खाणारी बाई तू एकटी. मी कधी ब्र काढला?"

"का काढशील? इंजिन तू खोलतोस? पट्टा तुटला की तू खाटेखाली शिरतोस! ज्याचे हात काळे, त्याचा पेटा."

"हळू बोल, पाद्री बाहेर आहे."

"त्याला काय ऐकू येतंय! पंक्चर ट्यूबसारखा आवाज त्या माणसाचा. देव तरी किती वेळ कान लावून बसेल? आणि ती चीफ! काल आलेली पोर. तिच्या ताटात मानेचा तुकडा टाकते आणि पेटा म्हणून सांगते. तिला काय कळणार आहे?"

नांजाला मघापासून हातवारे करत होती. मला वाटलं, माशी हाकलते आहे.

"काय आहे? तोंडानं बोल ना!"

"वहिनी," ती कुजबुजली, "गिरणी बंद आहे."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. एकतीस वर्षं आम्ही नवराबायको भांडतो ते गिरणीच्या धडधडीत. आमचा एक शब्द कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही. बाजारात नव्या नवऱ्यांना आमच्याकडे बोट दाखवून सांगतात, संसार करावा तर असा, शांत. (दोन लग्नांत तर गोड बोलण्यावर मी भाषणही दिलं आहे.)

बाहेर इतकी शांतता होती, की अवोकाडोचं पान पडलेलं ऐकू आलं. आणि त्या शांततेत माझी जीभ उजवीकडच्या दाढेपाशी गेली. तिथे काहीतरी चिवट अडकलं होतं. मीठ बघायला म्हणून मी पातेल्यातून काहीतरी उचललं होतं, ते मला आठवलं. हाताला सवय. हात न बघता जिथे जायचा तिथे गेला.

घराला दुसरं दार नाही. मी पातेलं उचललं आणि बाहेर आले. गिरणी सुरू व्हायची वाट बघत मक्याचे डबे घेऊन बसलेल्या पंधरा बाया, आणि एकही माझ्याकडे बघेना. पाद्रीबाबा टोपीतली शिवण तपासत होते.

"चीफबाई," मी पातेलं त्यांच्यासमोर ठेवलं, "पेटा नाही. मी खाल्ला. मीठ बघताना."

"तो माझा होता!" मागून मुखेबी.

"बघा," पाद्रीबाबांना कंठ फुटला, "असल्या घराशेजारी देवाचं नाव कसं घ्यायचं?"

"याच घरचं पीठ खाऊन ते नाव घेता ना रोज?" मी म्हटलं.

मग आम्ही तिघेही एकदम बोलू लागलो आणि नांजाला आम्हाला गप्प करायला आमच्याहून मोठ्यानं ओरडू लागली. चीफबाईंनी शांतपणे हात धुतले, पातेल्यातली तंगडी उचलली, एक घास खाल्ला आणि दुसरा हात वर केला.

"गिरणी इथंच राहील, पाद्रीबाबा, आणि तुमच्या प्रार्थनेच्या वेळी तर ती चालूच ठेवायची, ती थांबली की या आजी ऐकू येतात."