बिनआवाजाचा उखाणा

बायकोने, पुष्पावतीने, लग्नात नाव घेतलंच नव्हतं, असं श्रीमंतराव भाच्याच्या साखरपुड्यात पंधरा-वीस बायकांसमोर बोलून गेले आणि तिथून सगळं बिनसलं. "घेतलं हुतं. कॅशेटीत बघा," एवढंच म्हणून पुष्पावती उठली. जामखेडला घरी पोचेपर्यंत दोघांत शब्द नाही. दुसऱ्या दिवशी श्रीमंतरावांनी पिशवी भरली आणि ते लेकीकडे कोल्हारला निघून आले. आधी फोन करील तो हरला, असं कुणी ठरवलेलं नव्हतं. पण दोघांनाही ते पक्कं ठाऊक होतं. याला आता अकरा दिवस झाले होते.

कोल्हारची दुपार मात्र माणसाला नीट रुसूही देत नाही. लेक पंकजा शाळेत शिकवायला गेलेली, जावई कामावर, अंगणात पेरूची सावली आणि प्रवरेवरून येणारा गार वारा. जामखेडच्या उन्हात जन्म काढलेल्या माणसाला इथे बसल्या बसल्या गुंगी येई. त्या गुंगीतही श्रीमंतरावांना पुष्पावतीची आठवण येई, आणि आठवण आली की स्वतःचाच राग येई.

लग्नाची कॅसेट मुलाने, कल्याणने, जामखेडच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवली होती आणि ती कुठूनही मोबाईलवर बघता येत होती. त्या दिवशी श्रीमंतरावांनी इकडेतिकडे पाहून ब्राउझर उघडला. पस्तीस वर्षांपूर्वीचा मांडव अडखळत, थांबत, पुन्हा हलत समोर आला. हिरव्या शालूतली पुष्पावती. एका बाईने तिला कोपराने ढोसलं. तिने मान खाली घातली, आणि तिचे ओठ हलले. नाव घेतलं होतं की! शेजारचा मिशीवाला नवरदेव मात्र वाकून, मेव्हण्यांनी लपवलेले बूट शोधत होता. श्रीमंतरावांना त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला.

पण आवाज काही येईना. ती काय म्हणाली, ते ऐकल्याशिवाय आता त्यांना चैन पडेना. त्यांनी दुकानावर असलेल्या कल्याणला फोन लावला आणि आईला सांगू नको अशी आधी शपथ घातली.

"आण्णा, त्या फाईलीचा आवाज ब्राउझरला जमत न्हाई," कल्याण म्हणाला. "बाहेरच्या प्लेअरमदी उघडा. यादी येईल, त्यातला निवडा."

यादीत दोनच नावं होती. एक इंग्रजी, वाचताना जीभ अडखळावी असं. दुसरं सरळ मराठीत, 'आण्णा'. तीस वर्षं एसटीच्या आगारात हजेरीपुस्तकात आपलं नाव शोधून त्यापुढे सही ठोकलेला हा ड्रायव्हर. आपलं नाव दिसल्यावर दुसरीकडे बोट ठेवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी 'आण्णा'वर बोट ठेवलं.

चित्र गेलं. उरली नुसती बटणं. आवाज त्यांनी पार शेवटापर्यंत वाढवला, तरी मोबाईल गप्पच. मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा. मध्येच डोळा लागला, तेव्हा स्वप्नात हिरवा शालू पेरूखाली बसला होता, ती काहीतरी म्हणत होती आणि वारा ते नदीकडे नेत होता. जाग आली की ते पुन्हा बटण दाबत.

शेवटी मोबाईल वाजला, तो पुष्पावतीच्या फोनने. श्रीमंतराव ताठ बसले. पलीकडे बायकांची खसखस चालली होती.

"अहो, काय मांडलंय तुमी? हितं दगडाबाई आन् समद्या शेवया करायला बसल्यात. मालिका बंद पडून टीव्हीत आपलं लगीन लागतंय. बंद केलं की परत. सतरांदा झालं. गल्ली गोळा झाली आवाजानं."

तिने कल्याणला विचारल्यावर उलगडा झाला होता. आण्णा रिमोट दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ देत नाहीत म्हणून त्याने त्या कॉम्प्युटरला जोडलेल्या घरच्या टीव्हीचं नावच 'आण्णा' ठेवलं होतं.

 श्रीमंतराव हळूच म्हणाले, "चुकलं माझं. तू नाव घेतलं हुतं. काय म्हणली हुतीस, तेवढं ऐकायचं हुतं."

"ऐकणार कुठून? फोटोवाल्यानं तिथं सनई भरलीय. मी बघा म्हणले हुते, ऐका न्हाई."

"मग आता सांग."

"बाया हायत्या. सांजच्या गाडीनं या, मग सांगते."

त्यांना हसू आवरेना. "पन फोन तूच केलास हां आधी."

"मी कशाला? त्याच्या आधी सतरांदा घरी कोन आलं हुतं?"

 श्रीमंतरावांनी पिशवी भरली, लेकीसाठी चिठ्ठी लिहून ठेवली आणि ते दारात आले. बूट जागेवर नव्हते. कुत्रं नेतं म्हणून पंकजाने कुठेतरी आत ठेवले असणार. ह्या वेळी ते शोधत बसले नाहीत. जावयाच्या चपला पायात सरकवून ते स्टँडकडे निघाले.